पडजिभेच्या मागे

१

जिभेला हाड नसतं म्हणतात. असेल बाबा खरं. पण जिभेच्या मुळाशी काय काय अडकून बसतं ते ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात कलावतीला विचारावं. भिंगी माशाचा केसाएवढा काटा, पाला माशाचा दोन टोकांचा काटा, एकदा तर एका शहरी जावयाने कोळंबीचं डोकंच सोंडेसकट गिळलेलं. तेसुद्धा तिने काढलेलं, आणि वर त्याला सांगितलेलं की पुढल्या खेपेला बायकोला विचारून खा.

घशात काटा लागला की घरचे आधी भाताचा गोळा न चावता गिळायला लावतात, मग केळं, मग पाठीत धपाटे. एवढ्याने भागलं नाही की कुणीतरी म्हणतंच, आता कलावतीकडे जा. ती माणसाला उंबऱ्यावर बसवायची, तोंड खाडीकडे. डाव्या हाताने जबडा धरायचा, उजव्या हाताची दोन बोटं आत घालायची, पार पडजिभेच्या मागे. बघणाऱ्याला ओकारी यायची, पण ज्याच्या घशात बोटं असायची तो मात्र गप्प बसायचा. असा तिचा हात होता.

हा हात तिला सासूकडून मिळालेला. जनाबाईने मरताना त्याचे नियमही सांगून ठेवलेले. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, मग तो सात जन्मांचा वैरी का असेना. बदल्यात चहाचा घोटही घ्यायचा नाही. आणि निघालेला काटा ज्याचा त्याला दाखवून खाडीत टाकायचा, घरात ठेवायचा नाही. नाय म्हणशील त्या दिवशी हात जाईल, असं म्हातारी बजावून गेलेली.

कलावतीची मुलगी दक्षता या सगळ्याला हसायची. ती टेंभी नाक्याजवळ दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती, दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायची, पण हातमोजे घालून. आई, निदान साबणाने हात तरी धू, एवढंच तिचं म्हणणं. कलावती धुवायचीही. नियमात साबणाला बंदी नव्हती.

गौरी-गणपती गेले त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची भांडी घासून कलावती पाय पसरून बसलेली, दक्षता सुट्टी म्हणून घरात. गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली आणि गाडीतून दौलत उतरला. दौलत म्हणजे कलावतीचा सख्खा दीर, तिच्या गेलेल्या नवऱ्याचा भाऊ. या जगात कलावतीने एकाच माणसाला रोज नेमाने शाप दिले असतील, तर ते या दौलतला.

२

चार वर्षांपूर्वी कलावतीचा मुलगा प्रणित खाडीत बुडून मेला. नारळी पौर्णिमा नुकतीच झालेली, होड्या नव्याने रंगवलेल्या. दौलत त्याला भरदुपारी आपल्या निळ्या होडीतून जाळं बघायला म्हणून घेऊन गेला आणि एकटाच परत आला. पोरगं प्यालेलं होतं, तोल गेला, मी काय करणार, असं त्याने धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि लोकांनी मानलंसुद्धा, कारण दौलतची तेव्हा चलती होती. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत डंपरने माती-दगड टाकून जमीन करायचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्या डंपरांचे फोटो काढून तक्रार करत फिरणारा पोरगा म्हणजे प्रणित.

प्रणितने आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. पण मेलेल्या माणसाला तोंड नसतं. त्याची आठवण निघाली की वाडीतले लोक च्यक् करून म्हणायचे, चांगला होता हो, दारूने गेला.

मढं दुसऱ्या दिवशी सापडलं, तेव्हा कलावतीने त्याचे हात बघितले. उजव्या हाताच्या तर्जनीचं नख लहानपणी दारात सापडून मधोमध चिरलेलं, ते तसंच दोन फाकांचं वाढायचं. त्या नखाखाली, आणि सगळ्याच नखांखाली, निळा रंग होता. तिने तो चार जणांना दाखवला. पाण्यात असं होतं, म्हणाले. आठवड्याभरात दौलतची होडी हिरवी झाली आणि महिन्याभरात विकली गेली.

तेव्हापासून कलावती एकवीरा आईपुढे दिवा लावून एकच मागायची. याला मारू नकोस, आई. याला जगव, आणि याच्या घशाखाली घास उतरू देऊ नकोस.

आणि आता तोच दौलत दारात उभा होता. गळ्याची हाडं वर आलेली, सदरा अंगावर लोंबत होता. गळ्याला हात लावून त्याने सांगितलं की काटा लागलाय, नारळी पौर्णिमेपासून लागलाय, भात जात नाही, चपाती जात नाही, नुसत्या पेजेवर जगतोय. कल्याणच्या मोठ्या डॉक्टरने नळी घालून बघितलं, काही नाही म्हणाला, पित्ताच्या गोळ्या दिल्या.

कलावतीला हसू फुटलं. ते तिने लपवलंही नाही. देवीने ऐकायला चार वर्षं लावली, पण ऐकलं तर खरं.

"कंचा मासा खाल्लास?" तिने विचारलं.

दौलत खाली बघायला लागला. मग कलावतीलाच आठवलं. प्रणित गेल्यापासून दौलतने मासळी सोडलेली. खाडीतलं काही तोंडात घालवत नाही म्हणायचा, सगळ्या भावकीत त्याचं कौतुक झालेलं. मग काटा आला कुठून?

३

परत पाठवायचं नाही हा नियम. तिने त्याला उंबऱ्यावर बसवलं आणि जबडा धरला.

तोंड उघडताच वास आला. ओहोटीला खाडीचा काळा चिखल उघडा पडतो, त्याचा वास. कलावतीने समोर बघितलं. भरती होती, पाणी धक्क्याच्या पायरीला लागलेलं, चिखलाचा कुठे पत्ता नव्हता. आणि वासाबरोबर एक आवाज. थप. थप. बांधलेल्या होडीच्या फळीवर पाणी आपटतं तसा, शांत आणि लागोपाठ. धक्क्याला एकही होडी नव्हती.

तिने बोटं आत घातली. जीभ नेहमीसारखी, गरम आणि खरबरीत. बोटं मागे गेली तशी ती गार होत गेली. पडजिभेच्या मागे टोकाला काहीतरी लागलं. काटा टोचतो, हे टोचलं नाही. हे मऊ होतं, आणि बोट लागताच मागे सरकलं.

गिळलं असेल यानं, कलावतीने स्वतःला समजावलं. भ्यालेला माणूस गिळतोच. तिने बोट तसंच धरून ठेवलं. मग ते पुन्हा पुढे आलं आणि हळूच तिच्या बोटाच्या पेराला टेकून राहिलं.

तिने हात काढून घेतला आणि पदराला पुसला. काय नाय लागत, जा, एवढंच म्हणाली. दौलत गाडीत जाऊन बसेपर्यंत ती उभी होती. मग तिने चहा टाकला, साखर जरा जास्तच घातली, आणि तो एकेक घोट चाखत प्यायली. असा चहा तिला चार वर्षांत लागला नव्हता.

दक्षताने मात्र आईचा हात बघितला. दोन्ही बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली, तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखी. तू आत्ता कपडे धुतलेस का, तिने विचारलं. कलावती हो म्हणाली.

४

पुढल्या आठवड्यात दौलतच्या बायकोचा, संचिताचा फोन आला. जाऊबाई, एकदा येऊन जा, गाडी पाठवते. कलावती गेली. कशाला खोटं बोलायचं, काळजीने नाही गेली. दौलत कसा झिजतोय ते डोळ्यांनी बघायचं होतं म्हणून गेली.

गाडी माणकोलीच्या नव्या पुलावरून डोंबिवलीत उतरली. पुलावरून खाडी दिसली तशी तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. कोपरला दौलतचा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट होता, खिडकीतून तीच खाडी दिसणारा. आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा कानावर आलं ते पाणी. स्वयंपाकघरातला नळ चालू, मोरीतला चालू, बेसिनचा चालू. कलावतीने सवयीने जवळचा नळ बंद केला. लगेच आतल्या खोलीतून दौलत भिंत धरत आला, नळ सोडला आणि काही न बोलता परत गेला.

"आवाज येतो म्हणतात," संचिता हळूच म्हणाली. "तोंडातून येतो म्हणतात. नळ चालू असले की ऐकू येत नाही."

टाकी दोनदा भरावी लागते, सोसायटीवाले भांडायला येतात, हेही तिने सांगितलं. चादरी रोज बदलते तरी खोलीतून चिखलाचा वास जात नाही. सांगता सांगता ती रडायला लागली, आणि मग ज्याबद्दल इतकी वर्षं मूग गिळून बसलेली ते तिच्या तोंडून बाहेर पडलं.

प्रणितच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नव्हता. ते कलावतीला कसं विसरेल? ओळीने कावळे घाटाच्या भिंतीवर बसलेले आणि एकही खाली येईना. गेलेल्याचं काही राहिलेलं असलं की असं होतं. मग जवळचे लोक एकेक करून पिंडापुढे जातात आणि शब्द देतात, तुझं राहिलेलं आम्ही करू, तू जा. कलावतीने सांगितलं की दक्षताला शिकवीन. मामाने, म्हणजे तिच्या भावाने दामाजीने, सांगितलं की तुझ्या आईला बघीन. काही झालं नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा दौलत पुढे गेला, पिंडाजवळ वाकला आणि काहीतरी पुटपुटला. तो उठायच्या आत कावळा खाली आलेला. काकाचा जीव होता हो पोरावर, असं लोक तेव्हा म्हणालेले.

संचिता त्या वेळी त्याच्या पाठीशीच उभी होती. तिने ऐकलेलं.

"सांगीन म्हणाले," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगीन, चार वर्षांच्या आत सांगीन. पण आत्ता शिव, म्हणाले."

 बाहेर नळ वाहत होते. कसा बघा माणूस. जिवंत माणसांना गंडवून झालं, म्हणून मेलेल्यालाही उधारीवर शब्द देऊन वाटेला लावलेलं. आणि तो भोळा, शब्दावर विश्वास ठेवून गेलेला.

५

ती आतल्या खोलीत गेली. दौलत पलंगाच्या कडेला बसलेला. त्याला लाजलज्जा उरली नव्हती. हात जोडून म्हणाला, वैनी, काढ. शब्द दिलास तो पुरा कर, तिने सांगितलं. तो म्हणाला तुरुंगात जाईन. ती म्हणाली, तिथे घास तरी उतरेल.

तो बराच वेळ रडला. मग म्हणाला, तुला सांगतो, आत्ताच सांगतो, तू काढ. त्याने तोंड उघडलं. त्या दिवशी आम्ही, एवढं बोलला आणि त्याची जीभ आत ओढली गेली. कुणीतरी मागून धरून खेचावी तशी ओढली गेली. डोळे पांढरे झाले, चेहरा काळानिळा पडला. संचिताने पाठीवर थापा मारल्या तेव्हा कुठे श्वास आला. कलावती दारातून बघत होती, मदतीला गेली नाही.

एकटीला सांगून चालणार नव्हतं. सगळ्यांसमोर, हा शब्द होता. पितृपक्ष सुरू होत होता. प्रणितच्या तिथीला घाटावर येशील, वाडीसमोर बोलशील, त्याशिवाय माझा हात लागणार नाही, असं सांगून ती निघाली.

दक्षताला तिने हे सगळं सांगितलं तेव्हा पोरीने दोन्ही हातांत तोंड धरलं. चिखल, आवाज, यातलं काही तिला पटत नव्हतं. काकांना मनाचा आजार झालाय, अपराध खातोय, असं तिचं म्हणणं. पण काका बोलणार, एवढं तिने धरून ठेवलं. स्वतः घरोघर फिरून तिने लोकांना सांगितलं. प्रणितला दारुडा म्हणणारं एकही तोंड तिने सोडलं नाही.

"मला त्याचं मरण नको, आई," ती म्हणाली. "त्याला शिक्षा झाली नाय तरी चालेल. दादा प्यालेला नव्हता, एवढं लोकांनी ऐकलं पायजे. बस."

कलावती हो म्हणाली. पण तिचं मन त्याच्याही पुढे गेलेलं. चहाची गोडी अजून तोंडात होती.

६

तिथीला ऊन चांगलं तापलेलं. घाटाच्या पायऱ्यांवर अर्धी वाडी जमली. दामाजीने पिंड ठेवला, भटजी बाजूला झाले, भिंतीवर कावळे येऊन बसले आणि तसेच बसून राहिले.

संचिताने धरून दौलतला आणलं. त्याला पायरीवर बसवलं, तोंड खाडीकडे. तो लोकांकडे वळला, हात जोडले, तोंड उघडलं. ओठ हलले. जीभ वर आली आणि तिथेच अडली. आता आत ओढली जात नव्हती. आतून काहीतरी तिला पुढे रेटत होतं, आणि वाट मिळत नव्हती. त्याने कलावतीकडे बघून गळ्याकडे बोट केलं. ओढ, असं ते बोट म्हणत होतं.

दक्षता पाण्याचा तांब्या घेऊन आईला अगदी खेटून उभी होती. कलावतीने जबडा धरला आणि बोटं आत घातली.

या वेळी ते मागे सरकलं नाही. ते वाटच बघत होतं. पडजिभेच्या मागून गार, ओलं असं पुढे आलं आणि तिच्या बोटाला त्याने आकडा घातला. तिने चाचपलं. पेर. पुढचं पेर. मग नख, मधोमध चिरलेलं, दोन फाकांचं.

ते नख तिने स्वतःच्या दाताने कुरतडून सारखं केलेलं, तो लहान असताना, नेलकटरला घाबरायचा म्हणून.

एक ओढ पुरली असती. हे तिला तेव्हाही कळत होतं, हातालाही कळत होतं. पण तिची नजर दौलतच्या डोळ्यांवर गेली. त्या डोळ्यांत भीती नव्हती. सुटका होती. आता निघणार, आता मोकळा होणार, या आशेने ते डोळे ओलावले होते. कलावतीच्या मस्तकात तिडीक गेली. हा बोलेल, रडेल, लोक म्हणतील कबूल तरी केलं बिचाऱ्याने. उद्या वकील करील, परवा जामिनावर सुटेल आणि ताटाला बसून भात कालवून पोटभर जेवेल. याच्या तोंडातलं काढून याला मी मोकळा करू? माझ्या हाताने?

"रहा आत, बाला," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "धरून ठेव याला. सोडू नको."

आणि तिने ढकललं.

ते लगेच गेलं नाही. चिवटपणे धरून राहिलं. तिच्या दोन बोटांखाली एक बोट सुटलं, मग त्याच्या शेजारचं, मग तिसरं. चिरल्या नखाचं सगळ्यात शेवटी. ते जिभेच्या कडेवर सरकत सरकत गेलं. मग तिच्या बोटांखाली नुसती गरम जीभ होती, माणसाची असते तशी.

दौलतने मोठा आवंढा गिळला.  त्याने दक्षताच्या हातातला तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. पाणी खाली उतरताना त्याच्या गळ्याची घाटी वरखाली झाली.

"गेला," तो म्हणाला. आवाज खणखणीत. "काटा गेला."

लोकांनी काय करावं? कौतुक केलं. कलावतीचा हात तो हातच, म्हणाले. दक्षता तेवढी पुढे झाली आणि म्हणाली, काका, बोला ना. लोक थांबलेत.

दौलतने कपाळाचा घाम पुसला. आधी लोकांकडे बघितलं, मग कलावतीकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर जुना रंग परत येत गेला.

"काय बोलायचं?" तो म्हणाला. "पोरगं प्यालेलं होतं. चार वर्षं झाली, अजून किती उगाळायचं?"

आणि बायकोला म्हणाला, चल, भूक लागलीय.

७

कावळा शिवला नाही. ऊन कलायला लागेपर्यंत लोक थांबले, मग एकेक करून पांगले. जाता जाता कुणीतरी म्हणालंच, प्यायची वासना राहिली असेल. कुणी त्याला गप्प केलं नाही. दामाजीने शेवटी दर्भाचा कावळा लावून उरकून घेतलं.

रिक्षात दक्षताने एकदाच विचारलं, आई, तुझ्या हाताला काय लागलं?

"काय नाय," कलावती म्हणाली.

घरी येऊन तिने पान वाढून घेतलं. वरणभाताचा पहिला घास तोंडात घातला, चावला, गिळायला गेली आणि तो मागे जाऊन थांबला. तिने पाणी प्यायलं. पाणी गेलं, घास परत आला. उपास घडलाय, घसा कोरडा पडला असेल, तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाताचा गोळा न चावता गिळून बघितला. केळं खाऊन बघितलं. जे ती आयुष्यभर दुसऱ्यांना आधी घरी करून या म्हणून सांगायची, ते सगळं तिने केलं.

टोचत नव्हतं काही. टोचलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. पडजिभेच्या मागे काहीतरी नुसतं धरून होतं.

तेव्हा कुठे तिला ते कळलं, आणि कळलं तशी ती मोरीत खालीच बसली. प्रणित दौलतला धरून नव्हता बसलेला. सूड कसला, तिच्या भोळ्या पोराला सूड कुठे ठाऊक होता? तो वर यायला बघत होता. होडीच्या कडेला धरलेलं त्याने, निळा रंग नखांत जाईपर्यंत धरलेलं, आणि वरून कुणीतरी त्याची एकेक बोटं सोडवून त्याला पाण्यात ढकललेलं. चार वर्षांनी पुन्हा एक कड हाताला लागली, तिथे आईचा हात होता. त्याने ओळखून तिच्या बोटाला आकडा घातला.

तिने हात बघितला. उजव्या हाताच्या त्या दोन नखांखाली बारीक निळी रेघ होती. तिने साबणाने धुतलं, घासणीने घासलं. गेली नाही.

८

नवरात्राच्या तोंडावर टेंभी नाक्याला मांडव पडत होते, दक्षता कामावर जायला निघालेली. आईचं वजन उतरलंय, घरातला नळ दिवसभर वाहतोय, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्या सकाळी तिने पर्समधून दाताच्या डॉक्टरांकडचा लांब दांड्याचा छोटा आरसा काढला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि आईला म्हणाली, बस उंबऱ्यावर. आ कर.

कलावती बसली. तिला सांगायचं होतं. सगळं सांगायचं होतं, आत्ताच, पोरीला, वाडीला, जो भेटेल त्याला. गेले कित्येक दिवस ती तोंड उघडत होती आणि जीभ मागे जात होती. तिने आ केलं.

आरसा आत गेला. दक्षता सरावाने बघत होती, डावीकडे, उजवीकडे, मग पार मागे. चिखलाचा वास तिला आला असणार, कारण तिचं नाक आकसलं. मग तिचा हात थांबला. टॉर्च हलायचा थांबला. ती किती तरी वेळ तशीच वाकून राहिली. तिच्या डोळ्यांत आरशाचा उजेड पडलेला आणि त्या उजेडात काहीतरी हललं, ते कलावतीला लेकीच्या डोळ्यांतच दिसलं.

ओढ, कलावतीला म्हणायचं होतं. तू ओढ. तुझा हात चांगला आहे. तिने मान हलवली, लेकीचं मनगट धरलं.

दक्षताने आरसा बाहेर काढला. तो पुसला, रुमालात गुंडाळला, पर्समध्ये ठेवला. ती रडत नव्हती. तिचा चेहरा एकदम जनाबाईसारखा दिसायला लागला, म्हातारी कुणावर रुसली की दिसायची तसा.

"मी बाजूलाच उभी होते, आई," ती म्हणाली. "धरून ठेव म्हणालीस तू त्याला. मी ऐकलं. मला वाटलं, धीर देतेस."

कलावतीने तिचं मनगट सोडलं नाही. दक्षताने ते एकेक बोट करून सोडवलं.

"तुला काकांना शिक्षा द्यायची होती. मला दादा हवा होता," ती म्हणाली. "आता धर तू."

तिने चप्पल घातली आणि ती गल्लीतून निघून गेली. कलावतीने हाक मारायला तोंड उघडलं. हाक आली नाही. ती तशीच उंबऱ्यावर बसून राहिली, ती लोकांना बसवायची तशी, तोंड खाडीकडे, आ करून. समोर भरती होती आणि धक्क्याला एकही होडी नव्हती. थप. थप. नळ चालू करायला हवा, असं तिच्या मनात आलं, पण तिच्याने उठवेना.